बोलींची यादी: डीटीडीत ठेवावी की स्कीमात?

खानदेशातल्या बोलींचा शब्दसंग्रह आम्ही काही मंडळी मिळून एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराला खुणा लावून ठेवायच्या पद्धतीत, टाइप करतो. प्रत्येक नोंदीला 'बोली' आणि 'तालुका' असे दोन अ‍ॅट्रिब्यूट (खुणेत लिहायचे गुणधर्म), आणि दोन्हींची मूल्यं ठरलेल्या यादीतलीच हवीत. असं काम हाती घेणारे विचारतात, यादी डीटीडीत लिहू की एक्सएमएल स्कीमात? दोन्ही म्हणजे एक्सएमएल फाइलीत काय चालेल याचे नियम लिहायच्या पद्धती.

तालुक्यांपुरतं पाहिलं तर डीटीडीला तोड नाही. कंसात उभ्या रेघा देत (चोपडा|यावल|रावेर|जामनेर) असं लिहीत गेलं की झालं. स्कीमात प्रत्येक नावाला एक ओळ खर्ची पडते. जळगाव जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांची नावं सलग एका शब्दाची, त्यामुळे कुठे अडत नाही.

घोडं अडलं ते 'लेवा गणबोली'पाशी. डीटीडीच्या यादीतलं मूल्य म्हणजे एक सलग शब्द. मधे मोकळी जागा चालत नाही, अवतरणचिन्हांत घालायचीही सोय नाही. मग 'लेवा_गणबोली' करा. टाइप करणारे यावल-रावेरकडचे, त्यांची बोटं ते नाव सुटंच लिहितात. नियम तपासणारा प्रोग्रॅम, म्हणजे व्हॅलिडेटर, दर खेपेला अडवतो. छापायला देताना ती रेघ पुन्हा काढायची, ते वेगळंच. नुसतं 'लेवा' ठेवा, असंही कुणी सुचवलं. पण लोक स्वतःच्या बोलीला जे म्हणतात ते फाइलीच्या सोयीसाठी मोडायचं, हे निदान मला पटेना.

स्कीमात हेच नाव मधल्या जागेसकट जसंच्या तसं बसतं. शिवाय यादीला एकदा नाव दिलं की शब्द, म्हण, ओवी अशा सगळ्या घटकांना तीच लावता येते. डीटीडीत हे पॅरामीटर एंटिटीनं (एकदा लिहून नावानं पुन्हा वापरायच्या तुकड्यानं) जमतं, पण डीटीडी वेगळ्या फाइलीत असेल तरच. दस्तऐवजाच्या डोक्यावरच डीटीडी लिहिलीत तर घोषणेच्या आत अशी एंटिटी वापरता येत नाही.

एक सांभाळा. स्कीमात मूल्याचा मूळ प्रकार स्ट्रिंग, म्हणजे जसाच्या तसा मजकूर, घेतला, तर शेवटी चुकून पडलेली एक स्पेसही मूल्य नापास करते. डीटीडी अशी स्पेस आपणहून छाटते. स्कीमात टोकन हा प्रकार घ्या, तोही छाटतो, दोन शब्दांमधली जागा मात्र राहू देतो.

तुमची नावं एकेका शब्दाची असतील आणि तशीच राहणार असतील, तर डीटीडी सोडायला मी सांगणार नाही. पण पुढेमागे गावं घ्यायची झाली की पिंपळगाव हरेश्वर येणार, बुद्रुक-खुर्द येणार. म्हणून मी आपली सुरुवातच स्कीमानं करीन.