एमजी टीडी की एमजीए? खान्देशात जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाळायची असेल तर

जळगावात एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते, म्हणून आधीच सांगून टाकतो, हे लिहिलंय ते इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या दोन सीटच्या उघड्या गाड्यांबद्दल. केळीचे नाहीतर सोन्याचे चार पैसे गाठीला आले की आजकाल एखाद्याच्या डोक्यात हे खूळ शिरतंच, आणि मग फिरून फिरून दोन नावं पुढे येतात. एक टीडी, १९४९ च्या अखेरीस सुरू झालेली आणि १९५३ पर्यंत बनलेली, एकूण तीस हजाराला थोड्या कमी. दुसरी एमजीए, १९५५ ते १९६२, एक लाखाच्या थोड्या वर. आकडे मोठे वाटतात पण दोन्हीतल्या बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे दोन्ही दुर्मिळच.

माझं मत आधीच सांगतो. खान्देशात राहून गाडी स्वतः चालवायची असेल तर एमजीए घ्या. गाडी पाहून जीव सुखावला पाहिजे, चालवणं वर्षातून चारदोन वेळाच, असं असेल तर टीडी. दिसायला टीडीला तोड नाही हे मीच म्हणतो, उभं रेडिएटर, बाहेर पसरलेले मडगार्ड, पाठीवर स्टेपनी, काच पुढे आडवी पाडता येते. पण दिसण्यावर भाळून घ्याल तर पुढचं वाचून घ्या.

टीडीचं चेसिस लोखंडी आहे पण बॉडीचा सांगाडा लाकडाचा, अ‍ॅश नावाच्या लाकडाचा, आणि पत्रा त्यावर ठोकलेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड सुकतं, सांधे ढिले पडतात, मग दरवाजा लोंबतो आणि लागेनासा होतो, बाहेरून पेंट आरशासारखा असला तरी. वर उधईची, म्हणजे वाळवीची, भीती वेगळी, गोडाऊनच्या मातीच्या जमिनीवर गाडी उभी ठेवलीत तर विषयच संपला. लोक सागवान घालतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या हवेला सागवान वाईट नाही, उधई त्याला सहसा लागत नाही, फक्त अ‍ॅशची जी लवचिकता असते, धक्का पिऊन घेण्याची, ती सागाला तेवढी नाही, आणि जाणकार बघणारा लगेच ओळखतो. धुळ्या-जळगावात हाताचे पक्के सुतार अजून आहेत, पण त्यांना सोफा सांगितला तर चौकट डोळ्यासमोर असते, इथे तसं नाही, जुना कुजलेला तुकडा मापाला मिळाला तरच काम होतं. म्हणून लाकूड गायब असलेली टीडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या नादी लागू नका.

एमजीएमध्ये ही भानगड नाही. पेटी सेक्शनचं, म्हणजे चौकोनी पोकळ पट्ट्यांचं, दणकट चेसिस, वर लोखंडी बॉडी, दरवाजे, बोनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. लाकूड म्हणाल तर पायाखालच्या प्लायवूडच्या फळ्या, त्या कोणीही कापून देईल. तिचा शत्रू गंज, तोही दरवाजाखालच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, आणि दरवाजाच्या खांबाच्या बुडात. आपली हवा कोरडी म्हणून इथे वाढलेली गाडी बऱ्यापैकी वाचते, मुंबईत समुद्राजवळ पन्नास वर्षं काढलेली असेल तर मात्र पत्रा कापून वेल्डिंग करावंच लागेल, आणि वेल्डर आपल्याकडे गल्लीत सापडतो.

आता इंजिन, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. सुरुवातीच्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या बी सिरीजचं, म्हणजे आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं जे ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन होतं त्याच खानदानातलं, तेवढ्याच सीसीचं. एमजीएला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास, अ‍ॅम्बेसेडरला एकच, सॉलेक्स बनावटीचा. म्हणून सगळं उचलून बसवता येत नाही, पिस्टन तर बघूनच घ्या. पण ज्या म्हाताऱ्या मिस्तरीने आयुष्यभर सरकारी अ‍ॅम्बेसेडर खोलल्या त्याला हे इंजिन बघून घाम फुटत नाही, आणि असा मिस्तरी भुसावळला, चाळीसगावला, अमळनेरला विचारलंत तर अजून सापडतो. टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन, ५४ हॉर्सपॉवर, गोड आहे, जरा गरगर फिरवलं की खूश होतं, पण इथे ते कोणीच खोललेलं नाही.

वर त्याचे नटबोल्ट म्हणजे तमाशा. एमजी ज्याच्या कंपनीतून निघाली त्या इंग्रज मोटारवाल्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला, तिथली मेट्रिक आट्यांची मशिनरी तशीच चालू ठेवली, टीडीचं इंजिन त्याच परंपरेतलं, आणि बोल्टचं डोकं मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या पान्याचं. म्हणजे आटे मेट्रिक, पाना व्हिटवर्थ, आणि बाजारातला साधा मेट्रिक बोल्ट घ्यायला जाल तर पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, वेगळा निघतो. एमजीएला सरळ इंची पाने चालतात, ते जुना मॅसी ट्रॅक्टर खोलणाऱ्या प्रत्येक गॅरेजात लटकलेले असतात. पार्ट दोन्हींचे इंग्लंडहून येतात, दोन्हींना मिळतात, कस्टम आणि कुरियर मिळून खिसा तेवढाच हलका होतो, त्यात फार फरक नाही.

उन्हाळ्यात दोघीही रुसतात, पण कारणं वेगळी. टीडीच्या रेडिएटरला प्रेशर नाही, त्यामुळे पाणी लवकर उकळतं, पण बोनेटच्या बाजूला जाळ्या असल्याने आतली गरमी बाहेर निघून जाते. एमजीएचं बोनेट बसकं, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, ट्रॅफिकमध्ये अडकलात की पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीतच, फ्लोट चेंबरमध्ये, उकळतं आणि गाडी बंद, शिवाय पायांना भट्टी. हीट शील्ड, म्हणजे गरमी अडवणारा पत्रा, नीट बसवा, दुपारी अकराच्या पुढे काढू नका. आणि दोन्हींना त्रास ई२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात, टाकीत पाणी धरतं, म्हणून सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाका आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. दोघींचं वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, हेही मिस्तरीला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो सवयीने बॅटरी उलटी जोडेल. एमजीएची बॅटरी सीटच्या मागे, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सापडत नाही म्हणून बोनेटमध्ये शोधत बसतात.

चालवायला फरक मोठा आहे. टीडी साठ-सत्तरवर मजेत, जळगावहून अजिंठ्याकडे पहाटे न्या, स्वर्ग. धुळ्याच्या हायवेवर ट्रकच्या रांगेत तिला नेणं म्हणजे जिवाशी खेळ. एमजीए ऐंशी-नव्वद सहज धरते, कन्नड घाटात तर हसू येतं. फक्त ती खूप बसकी, गावागावाच्या ब्रेकरवर सायलेन्सर घासणार म्हणजे घासणार. आणि कुठेही थांबलात की पोरं जमतात, पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ, हाई कितला अ‍ॅव्हरेज देस? खरा आकडा सांगू नका.

कागदांत दोघी सारख्या. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २० हजार फी, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं, आधीचा नंबर असेल तर तोच राहतो. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर, रोज दुकानावर न्यायला नाही. आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, इथे एमजीएवाल्यांनी जास्त सावध राहायचं, कारण कोणीतरी पूर्वी सोय म्हणून अख्खं अ‍ॅम्बेसेडरचं इंजिनच बसवलेलं असू शकतं. आरसीवरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या प्लेटशी ताडून बघा, जमत नसेल तर टोकन देऊ नका.

बघायला जाताना टीडीसाठी सोबत सुतार न्या आणि एमजीएसाठी लोहचुंबक. बोनेटला, दरवाजाला चिकटला नाही तर घाबरू नका, तिथे अ‍ॅल्युमिनियमच असतं. सिलवर चिकटला नाही तर आत पुट्टी आहे, मग भाव पाडून मागा नाहीतर चहा पिऊन परत या.