लेबर रेट की विथ मटेरियल? पुण्यात घर बांधताना कोणत्या करारात काय वाट्याला येतं

प्लॉट झाला, नकाशा मंजूर झाला, की घरात पहिली चर्चा हीच होते: काम लेबर रेटने द्यायचं की विथ मटेरियल? लेबर रेटमध्ये कॉन्ट्रॅक्टर माणसं, मिक्सर आणि सेंट्रिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं आणि टेकूंचं) सामान आणतो. सिमेंट, सळई, खडी, विटा, फरशी सगळं आपण आणून द्यायचं. विथ मटेरियलमध्ये खोदाईपासून किल्ली हातात येईपर्यंत सगळं त्याच्याकडे. दर दोन्हीकडे चौरस फुटावरच ठरतो.

आम्ही धायरीत आमचं घर लेबर रेटने बांधलं. दोन वर्षांनी मेहुण्यांनी वाघोलीला जवळपास तेवढंच, तळमजला अधिक एक मजला, विथ मटेरियल बांधून घेतलं. त्यांच्या साइटवरही माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. दोन्ही कामं जवळून पाहिल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली. कॉन्ट्रॅक्टरचा पैसा कशात वाचणार, हे करारामुळे ठरतं. लेबर रेटवाल्याचा पैसा वेळेत वाचतो, विथ मटेरियलवाल्याचा मालात. त्यामुळे आपली नजर एका ठिकाणी घाईवर हवी, दुसऱ्या ठिकाणी मापावर.

लेबर रेट: सगळा माल आपला, सगळी धावपळ आपली

यात पहिलं काम म्हणजे मोजायला शिकणं. वाघोली किंवा मोशीच्या खाणींकडून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि खडी येते, ती ब्रासवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडी आली की माल मध्ये ढिगासारखा आणि कडेला खाली असतो. तसाच टेप लावला तर माप हमखास चुकतं. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, आधी फावड्यानं सपाट करायला लावा, मग उंची घ्या." लांबी, रुंदी, उंची फुटात गुणायची आणि 100 ने भागायचं. एवढं केलं तरी पुरवठादाराला कळतं की इथे बघणारं कुणीतरी आहे.

सळईचं तसंच. वजनकाट्याची पावती घ्याच, पण स्वतःचा हिशोबही ठेवा. सळईच्या मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून 162 ने भागलं की मीटरमागे किलो मिळतात. 12 मिमीची 12 मीटर लांब सळई साधारण 10.7 किलो भरते. नग मोजले की वजन पडताळता येतं. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि महिना छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला नको. आणि गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचायच्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

मग स्लॅबचा दिवस. आमच्या आईने सकाळी सातला मिक्सरशेजारी खुर्ची टाकली आणि खडूने भिंतीवर रेघा मारायला घेतल्या, एका गोणीला एक रेघ. आदल्या रात्री आम्ही हिशोब केला होता: 1000 चौरस फूट, 5 इंच जाडी, म्हणजे जवळपास 11.8 घनमीटर काँक्रीट. एम-20 ग्रेडच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण 8 गोण्या धरल्या तर बीम सोडून 95 च्या आसपास. दुपारी रेघा हिशोबाच्या मागे पडल्या नव्हत्या, सिमेंट नीट चाललं होतं. खटकलं ते पाणी. मिक्सरवाला पाइप धरून अंदाजाने पाणी सोडत होता. लेबर रेटच्या माणसाला पातळ माल आवडतो, कारण तो पटकन पसरतो आणि काँक्रीट दाबून बसवणारा वायब्रेटर कमी फिरवावा लागतो. काँक्रीटची ताकद मात्र त्यातच जाते. पाणी-सिमेंट प्रमाण 0.5, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या निम्मं पाणी, असेल तर 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. आईने पाइप बंद करायला लावला आणि मोजून बादली द्यायला लावली. मुकादम नाराज झाला, काम तासभर लांबलं. त्या तासाचं मला आजही समाधान आहे.

आमची चूकही सांगतो. त्याच स्लॅबच्या आधी 8 मिमीची सळई कमी पडली, कारण मागवताना तुकड्यांत किती वाया जाणार ते आम्ही धरलंच नव्हतं. फिटर दोन दिवस बसून राहिले, त्यांचा रोज आम्हाला द्यावा लागला, आणि ठरलेला मिक्सर दुसऱ्या साइटवर गेला. माल वेळेवर साइटवर नसेल तर लेबर रेटमध्ये दोष आपलाच असतो. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंगवाला, ग्रिलवाला ही सगळी वेगवेगळी माणसं. कुणाच्या आधी कुणी यायचं ते आपणच ठरवायचं. स्विच-वायरसाठी तपकीर गल्ली, दरवाजांच्या लाकडासाठी टिंबर मार्केट, अशा फेऱ्यांत माझे जवळपास सगळे रविवार गेले. होळी-दिवाळीला मजूर गावी गेले की परत कधी येतील याची खात्री नसते, हेही धरून चाला.

विथ मटेरियल: धावपळ कमी, पण करारातली प्रत्येक ओळ महाग

मेहुण्यांची नोकरी अशी की ते रविवारशिवाय साइटवर जाऊच शकत नव्हते. त्यांच्यासाठी विथ मटेरियलच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण त्यांचा करार होता दोन पानांचा, आणि त्रास झाला तो तिथेच.

पहिला झटका पायाला बसला. करारात लिहिलं होतं, "खोदाई 5 फुटांपर्यंत." त्यांच्या प्लॉटवर काळी माती खोल निघाली. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग (कॉलमखालचा पाया) बसवत नाहीत. पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावंच लागतं. मुरूम लागला 9 फुटांवर. जास्तीची खोदाई, जास्तीचे कॉलम, जास्तीची भरणी, सगळं एक्स्ट्रा आयटम म्हणून बिलात आलं. पुण्यात हे दोन्ही टोकांनी होतं: एका प्लॉटवर काळी माती, शेजारच्या प्लॉटवर दोन फुटांवर काळा पाषाण आणि मग खडक फोडणाऱ्या ब्रेकरचं वेगळं बिल. दर ठरवण्याआधी जेसीबीने दोन-तीन ठिकाणी खड्डे घेतले असते तर हे आधीच कळलं असतं.

दुसरा वाद टाइल्सचा. "चांगल्या प्रतीच्या टाइल्स" या शब्दांचा अर्थ मेहुण्यांचा वेगळा, कॉन्ट्रॅक्टरचा वेगळा. असे शब्द करारात ठेवूच नका. टाइल्स, सॅनिटरी, दरवाजे, रंग, प्रत्येकाचा मूळ दर किंवा कंपनी आणि मॉडेल लिहा. सिमेंटचा ब्रँड, सळईची ग्रेड (उदाहरणार्थ एफई 500 डी), काँक्रीटची ग्रेड, वीट की ब्लॉक, प्लास्टरची जाडी, वायरची जाडी, हे सगळं कागदावर हवं. कंपाउंड वॉल, गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि बोअर बहुतेक वेळा दरात नसतात. बाल्कनी, पार्किंग आणि जिन्याची हेडरूम कोणत्या क्षेत्रात धरली आहे, हेही विचारा. नाहीतर दर कमी वाटतो आणि क्षेत्र वाढून बिल तेवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मेहुण्यांनी फार चांगली केली. कॉन्ट्रॅक्टरशी संबंध नसलेला स्वतःचा इंजिनिअर त्यांनी ठेवला, फक्त ठरावीक टप्प्यांवर येणारा. पहिल्या मजल्याच्या कॉलमला त्याने टेप लावला तेव्हा रिंगा (उभ्या सळयांभोवतीची कडी) ड्रॉइंगमधल्या 150 मिमी अंतराऐवजी 200 वर बांधलेल्या निघाल्या. एकेका कॉलममध्ये अशा किती रिंगा वाचतात ते मोजा, म्हणजे माल कुठे वाचवला जातो ते दिसतं. सेंट्रिंग लागण्याआधी लक्षात आलं, म्हणून त्याच दिवशी दुरुस्त झालं. काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसलं नसतं. म्हणून "स्टील तपासून लेखी होकार मिळाल्याशिवाय काँक्रीट नाही" ही अट विथ मटेरियलच्या करारात असायलाच हवी, आणि क्यूब टेस्टचा (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याचा) खर्चही त्यातच धरून घ्यावा. क्यूब सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासतात.

पैशाचा हिशोब

लेबर रेट स्वस्त पडतो असं सरसकट म्हणतात. कॉन्ट्रॅक्टरचा मालावरचा नफा वाचतो हे खरं, आणि आणखी एक फरक आहे: स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या करारावर जीएसटी माफ आहे, तर विथ मटेरियलच्या बिलावर नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टर 18 टक्के लावतो. म्हणून विथ मटेरियलचा दर ऐकताना पहिला प्रश्न "करासह की कराशिवाय?" हाच विचारा. लेबर रेटमध्ये मालावरचा कर आपण दुकानात भरतोच. सिमेंटचा 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचं एस्टिमेट हातात असेल तर ते नव्याने काढून घ्या. पण वाया गेलेला माल, चोरी, वॉचमन आणि आपल्या सुट्ट्या धरल्या, तर आमची बचत कागदावर वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली.

उचल दोन्हीकडे मागितली जाते. लेबर रेटमध्ये दर आठवड्याला, विथ मटेरियलमध्ये टप्प्याला. कामाच्या पुढे पैसा जाऊ देऊ नका. शेवटची काही रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, हे आधीच लिहून घ्या. गच्ची आणि बाथरूमची गळती तेव्हाच कळते. गृहकर्जाचे हप्तेही बँक काम पाहून टप्प्याटप्प्याने सोडते, तेव्हा करारातले टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्या.

दोन्हीकडे जे आपल्यालाच करायचं आहे

सगळ्यात दुर्लक्षित होतं ते पाणी मारणं. साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किमान 10 दिवस काँक्रीट ओलं हवं. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात, पण कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून अनेकदा भिजवावं लागतं, आणि एप्रिलच्या उन्हात ते दोन तासांत वाळतं. स्लॅबचे टेकूही घाईने काढू देऊ नका: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान 7 दिवस, त्यापुढे 14, 6 मीटरपर्यंतच्या बीमखाली 14 दिवस, त्याहून लांब बीमला 21. सेंट्रिंगचं सामान पुढच्या साइटला हवं असतं, म्हणून घाई होते.

पावसाळ्याचं वेळापत्रकही दोघांना सारखंच. दिवाळीनंतर खोदाई सुरू केली तर जूनच्या आत स्लॅब उरकून पावसात आतलं काम चालू ठेवता येतं. मे महिन्यात पाया खोदायला घेतला तर खड्ड्यात पाणी भरण्याचीच जास्त शक्यता.

स्वतःपुरतं घर बांधताना रेराचं (बिल्डरच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्याचं) संरक्षण नसतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये मात्र घरबांधणी ही सेवा धरली आहे. पण तिथे दाद मागायला करार, पावत्या आणि तारखेसह फोटो लागतात. विथ मटेरियलमध्ये हे कागद जास्तच जपा. लेबर रेटमध्ये मालाच्या पावत्या आपल्याच नावावर असतात.

मग कुणी काय घ्यावं

घरातलं एक माणूस रोज सकाळी तासभर आणि स्लॅबच्या दिवशी पूर्णवेळ साइटवर उभं राहू शकत असेल, तर लेबर रेट घ्या. ते माणूस इंजिनिअर असायची गरज नाही. आमची आईही इंजिनिअर नव्हती. तसं कुणी नसेल, साइट घरापासून लांब असेल किंवा नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील, तर विथ मटेरियल, पण स्वतःच्या इंजिनिअरची फी धरूनच.

मधला मार्गही आहे: सिमेंट आणि सळई आपली, बाकी सगळं कॉन्ट्रॅक्टरचं. घराची ताकद ज्या दोन गोष्टींवर उभी आहे त्या आपल्या हातात राहतात आणि खडी-वाळूच्या गाड्यांमागे पळावं लागत नाही. माझ्या धाकट्या भावाचं काम या दिवाळीनंतर सुरू होतंय. त्याला मी हेच सांगितलंय, आणि खड्डे घ्यायला जेसीबी पुढच्याच आठवड्यात बोलावलाय.