एकाच बेसमेंटमध्ये दोन गाड्या: २००९ ची हॅचबॅक, २०२४ ची ऑटोमॅटिक. सव्वा वर्षानंतरचा अनुभव

'जुनी काढू की ठेवू' हा प्रश्न आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या सोसायटीत कुणी ना कुणी सतत विचारत असतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. बाबांची २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, एमएच-०४. शेजारच्या जागेत २०२४ ची टर्बो पेट्रोल एसयूव्ही, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग, कॅमेरे, एडास (लेन, ब्रेक सांभाळायला ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा), सगळा लवाजमा. कंपन्यांची नावं लिहीत नाही. कुठल्याही कंपनीची गाडी असलेल्या मित्राला विचारा, तो थोड्याफार फरकाने हेच सांगेल.

आधी निकाल. नवी गाडी चालवायला फारच चांगली आणि दुरुस्तीला वैताग. जुनी दोन्हीकडे वैताग देते. फक्त जुनीचा वैताग मला कळतो.

जुनीची सुरुवात कागदांपासून. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, ती २०२४ ला संपली. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि ५,००० रुपये शुल्क. एप्रिल २०२२ च्या आधी हेच शुल्क ६०० रुपये होतं. वर १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची, तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. पीयूसी दर सहा महिन्यांनी, कारण वर्षाची पीयूसी फक्त बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि पुढच्या गाड्यांना मिळते. मुंबईकडे बीएस-४ एप्रिल २०१० ला लागू झालं, म्हणजे आमची गाडी थोडक्यात हुकली. तपासणीला जाणार असाल तर एक काम आधी करा: चेसिस नंबर जिथे कोरलाय ती जागा घासूनपुसून घ्या. आमचा गंजाच्या थराखाली होता आणि इन्स्पेक्टरसाहेब टॉर्च मारून कंटाळले.

यंत्राची गोष्ट वेगळी. वागळे इस्टेटमध्ये आमचे मेस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. जुलैत माजिवड्याच्या पुलाखाली गाडी तुंबलेली असताना टेम्परेचरचा काटा लालकडे सरकायला लागला. बाबांनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि इंजिनाची उष्णता बाहेर काढायला हीटर फुल सोडला. जुलैत, हीटर. कापूरबावडीला कशीबशी बाजूला घेऊन मामांना फोन लावला.

"पंखा फिरतोय का बघ."

"नाही फिरत."

"मग त्याचा रिले, म्हणजे पंखा चालू करणारा छोटा स्विच, उडाला असेल. हॉर्नचा रिले काढ आणि तिथे लाव, तुझ्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत."

पंखा फिरला. घोडबंदर रोडने हॉर्नशिवाय घरी आलो, तो अनुभव घेण्यासारखा आहे. नवा रिले दुसऱ्या दिवशी किरकोळ पैशांत आला.

पण सगळंच असं सुटत नाही. डाव्या दाराची काच वर-खाली करायची मशीन गेली आणि कंपनीच्या दुकानात उत्तर आलं, हा पार्ट आता येत नाही. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे पहिला प्रश्न असतो, 'ओरिजिनल, लोकल की जुना माल?' आणि ओरिजिनल म्हणून हातात येणाऱ्या डब्यावर होलोग्राम खरा असतो, आतला माल खरा असेलच असं नाही. काचेची मशीन जुन्या मालातली घेतली, ती मस्त चालू आहे. लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा) मात्र 'ओरिजिनल' घेतला आणि मेट्रोच्या बॅरिकेडशेजारच्या खड्ड्यांनी त्याचे रबरी बुश एका पावसाळ्यात खाल्ले. पार्टचे पैसे गेलेच, मजुरी दोनदा. जुन्या गाडीत खरा खर्च हाच: एकच काम परत परत. त्यात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि शुद्ध इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. मामांनी पेट्रोलचे कडक पडलेले पाइप बदलून दिले, आता वास येत नाही. ॲव्हरेज उतरलाय तो उतरलाच.

आता नवी. गायमुखच्या घाटात ट्रक-ट्रेलरच्या मागे तासभर अडकलात तर ऑटोमॅटिक आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) काय चीज आहे ते कळतं. आई मागच्या सीटवर झोपते. ब्रेक, दिवे, एसी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. एडास घोडबंदरला निरुपयोगी आहे. पट्टे पुसलेले, लेन बॅरिकेडप्रमाणे वळणारी, समोरून रिक्षा तिरकी घुसणारी. गाडी सारखी दचकते. लेन असिस्ट मी बंद करतो आणि पुढच्या वेळी गाडी सुरू केली की तो पुन्हा जागा होतो. समृद्धी महामार्गावर मात्र तोच चांगला वागतो.

गणपतीला गावी जाऊन आलो आणि नवीची बॅटरी झोपलेली. जुन्या गाडीची बॅटरी बसली तर चार माणसं धक्का मारतात, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की विषय संपतो. इथे बटण दाबून काही होईना. दार उघडायला रिमोटच्या पोटात लपवलेली किल्ली काढावी लागली. गिअर पी (पार्क) मध्ये अडकलेला, हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक, म्हणजे चाकं जाम. गाडी इंचभर हलेना. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सने फ्लॅटबेड पाठवला आणि तो सोसायटीच्या गेटवर उभा राहिला, कारण बेसमेंटच्या रॅम्पची उंची त्याला पुरत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "सर, गाडी वर आणून द्या, मी लगेच घेतो." वर येत असती तर त्याला बोलावलं कशाला असतं! शेवटी जम्पर केबल लावून बाबांच्या हॅचबॅकने तिला उठवलं. त्यानंतर आठवडाभर बाबांची घरातली चाल बदलली होती.

पुढे ती बॅटरी बदलावीच लागली. स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाडीला साधी बॅटरी चालत नाही, ईएफबी प्रकारची महाग बॅटरी लागते, आणि आमच्या मॉडेलमध्ये ती बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला 'बॅटरी नवी आहे' हे सांगावं लागतं. मामांचा हात तिथे थांबतो.

उंदराचं प्रकरण याहून लांबलं. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये उंदीर असतातच, त्यांनी बॉनेटखाली एका सेन्सरच्या वायरी कुरतडल्या. चेक इंजिनचा दिवा, पिकअप गायब. मामांनी बघून सांगितलं, "वीतभर वायर आहे दादा, अर्ध्या तासात जोडून देतो. पण उद्या वॉरंटी गेली म्हणून मला बोलायचं नाही." सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर: "सर, वायर सुटी येत नाही. पूर्ण हार्नेस असेंब्ली, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलावी लागेल." विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आमची पॉलिसी झिरो डेप (घसारा न कापणारी) असल्यामुळे तो वाचला. पण वर्षभर क्लेम न केल्याचा २० टक्के नो क्लेम बोनस गेला आणि हार्नेस येईपर्यंत गाडी त्यांच्या शेडमध्ये धूळ खात पडली. दोन इंच उघड्या तांब्यासाठी!

समोरच्या काचेचंही तसंच. डंपरच्या चाकातून खडा उडाला, तडा गेला. काचेवर विमा घसारा कापत नाही, म्हणून निश्चिंत होतो. पण या काचेमागे एडासचा कॅमेरा बसलेला असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवायचा, त्यासाठी सपाट जागा, ठरावीक अंतरावर खुणांचा बोर्ड आणि कंपनीचं सॉफ्टवेअर. आमच्या शाखेत बोर्ड नव्हता, गाडी दुसऱ्या शाखेत न्यावी लागली. जुनीची काच एकदा खोपटच्या काचवाल्याने दुपारच्या जेवणाआधी बसवून दिली होती. हेडलाइटचंही सांगून टाकतो: जुनीत एच-४ बल्ब, नाक्यावरच्या दुकानात मिळतो. नवीत एका बाजूची दिवसा लागणारी एलईडी पट्टी विझली तर पूर्ण लाइट बदलतात. वॉरंटीत फुकट झालं, पण बिलावरची किंमत वाचून घाम फुटला.

यात कंपनीबाहेरच्या मेस्त्र्याला नवी गाडी कळत नाही असं अजिबात नाही. मामांकडे स्कॅनर आहे, एरर कोड ते वाचतात. त्यांना पार्ट सुटा मिळत नाही आणि सॉफ्टवेअरची चावी मिळत नाही, अडतं ते तिथे. हे नवं दुखणं नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहन उद्योगही आहे. माझी वीतभर वायर अजून सुटी मिळत नाही.

आम्ही जुनी काढलेली नाही. बाजार, स्टेशन, ऐरोलीपर्यंतची कामं तिच्यावर. लांबचा प्रवास, पावसाळी रात्र आणि आईबाबा सोबत असतील तेव्हा नवी, तिथे मी वाद घालत नाही. ज्यांच्या घरी एकच गाडी परवडते त्यांनी, ओळखीचा आणि जवळचा मेस्त्री नसेल तर, पंधरा वर्षांच्या गाडीची नोंदणी वाढवू नये. फक्त गाडी चांगली आहे म्हणून वाढवलीत तर कुर्ल्याच्या फेऱ्या मोजत बसाल.

नवी घेणाऱ्यांनी रंग निवडण्याआधी बेसमेंटमधून गाडी उचलून न्यायची सोय विचारा, आणि एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदात हेडलाइट, स्क्रीन, कॅमेरा ही नावं एकेक करून शोधा. आमच्या कागदात स्क्रीन आहे, हेडलाइट आहे, वायरिंगही आहे. उंदीर मात्र वगळलाय, तोही सगळ्यात बारीक अक्षरात.