वकिली टायपिंगच्या कार्यालयात लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या परिसरात आमचे टायपिंगचे छोटे कार्यालय आहे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रे, वटमुखत्यारपत्रे, वाटणीपत्रांचे कच्चे मसुदे असे आमचे रोजचे काम. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले, तेव्हापासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील वकीलही कागद घेऊन येऊ लागले. नेमके त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० चा नियमित सुरक्षा पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचे बहुतेक संगणक या अटीत बसत नव्हते. ते चांगले चालत असताना भंगारात घालायचे, हे पटणारे नव्हते. म्हणून एक संगणक वगळून बाकी सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत संगणक प्रणाली आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस घेतले. उबुंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या रूपावर आधारलेल्या मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत.

पैसे वाचले हे खरे, पण मी हा अनुभव पैशासाठी लिहीत नाही. दुसऱ्यांच्या घरातली भांडणे, जमिनीचे वाद, घटस्फोटाचे अर्ज ज्याच्या संगणकावर टाइप होतात, त्याला आपल्या संगणकावरून काय बाहेर जाते हे नेमके सांगता आले पाहिजे. आधीच्या व्यवस्थेत मला ते सांगता येत नव्हते, आता बऱ्याच अंशी येते. माझ्या लेखी बदलाचे खरे कारण हेच आहे.

आधी परवान्याविषयी. संगणक विकताना ‘सगळं टाकून देतो’ म्हणून ऑफिस, फॉन्ट, फोटोचे सॉफ्टवेअर असे सारे विनापरवाना घालून देण्याची पद्धत आपल्या बाजारात इतकी मुरली आहे की गिऱ्हाईकही त्याविषयी विचारत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ब मात्र स्पष्ट आहे : बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही संगणकावर सॉफ्टवेअर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालयाला सौम्य होण्याची मुभा आहे; आमचा वापर तर सरळ व्यवसायाचा. न्यायालयाच्या आवारालगत बसून कायद्याचे कागद टाइप करणाऱ्यांनी अशा प्रतींवर काम करावे, हे मला कधीच शोभणारे वाटले नाही. विकतच्या परवान्यांतही बारीक अक्षरे असतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २०२१ पर्यंतची ‘होम अँड स्टुडंट’ ही स्वस्त आवृत्ती, उदाहरणार्थ, व्यवसायासाठी वापरण्याची परवानगी देत नव्हती, आणि दुकानात स्वस्त म्हणून नेमकी तीच पुढे केली जायची.

लिनक्सचा गाभा जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, लिब्रेऑफिस मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली. दोन्हींत फरक आहे. जीपीएलखालचा प्रोग्राम बदलून दुसऱ्याला दिला तर त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मोझिलाचा परवाना ही अट मूळ फायलींपुरती ठेवतो, त्यांच्या सोबत जोडलेल्या नव्या फायली वेगळ्या परवान्याखाली राहू शकतात. कोणता परवाना चांगला यावर जाणकारांत जोरात वाद चालतात आणि ते वाद मला महत्त्वाचे वाटतात, कारण उद्या एखाद्या कंपनीने चांगले सॉफ्टवेअर ताब्यात घेऊन त्याची दारे लावायचे ठरवले तर काय वाचेल, हे परवान्यावरच ठरते. ओरॅकलने सन कंपनी विकत घेतल्यावर सनच्या ओपनऑफिस या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणारे अनेकजण बाहेर पडले आणि २०१० मध्ये त्यांनी लिब्रेऑफिस उभे केले. परवाना खुला नसता तर त्यांना रिकाम्या हाताने जावे लागले असते. निव्वळ वापरणाऱ्यावर मात्र यांपैकी कोणतीच अट येत नाही. कितीही संगणकांवर घाला, धंद्यासाठी वापरा. हमी मात्र कसलीच नाही, ‘आहे तसे घ्या’ असे दोन्ही परवान्यांत लिहिले आहे. दुरुस्तीसाठी माणूस आपणच शोधावा लागतो आणि कोल्हापुरात लिनक्स जाणणारा माणूस विंडोजवाल्याइतका सहज मिळत नाही.

गोपनीयतेची बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांत किमान पातळीची निदानविषयक माहिती (संगणक कसा चालतो याची) कंपनीकडे जाणे पूर्ण बंद करता येत नाही. विंडोज ११ होम बसवताना इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागितले जाते. मिंट बसवताना कोणतेही खाते उघडावे लागत नाही. बसवतानाच संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय आहे. तो आम्ही सर्वत्र घेतला, त्यामुळे संगणक चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय पक्षकारांचे कागद उघडणार नाहीत.

लिब्रेऑफिसमधील दोन सोयी मी रोज वापरतो. पहिली, सुरक्षेच्या पर्यायांत ‘जतन करताना वैयक्तिक माहिती काढा’ अशी खूण आहे. तिच्यामुळे मसुदा कोणी लिहिला, केव्हा बदलला ही फाइलच्या पोटातली माहिती पुढे जात नाही. दुसरी आहे टूल्स मेनूतील रिडॅक्ट, म्हणजे मजकूर कायमचा झाकण्याची सोय. आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढून पीडीएफ करण्याची पद्धत आमच्या व्यवसायात सर्रास आहे, पण ती पट्टी नुसती वर ठेवलेली असते. खालचे आकडे माउसने निवडून दुसरीकडे चिकटवले की जसेच्या तसे उमटतात. हे मी एका वकीलसाहेबांना त्यांच्याच एका फाइलवर करून दाखवले, तेव्हा ते गप्प झाले. रिडॅक्टमध्ये पट्ट्या मारून निर्यात केली की पान चित्ररूप होते आणि खालचा मजकूर फाइलमध्ये उरतच नाही. त्या पानात मग शब्द शोधता येत नाही आणि फाइलही जड होते, म्हणून झाकायची तेवढीच पाने आम्ही अशी करतो. पक्षकाराला आधी मास्क केलेले आधार, म्हणजे शेवटचे चारच आकडे दाखवणारे, आणायला सांगणे हे त्याहून सोपे.

राधानगरीकडच्या एका वयस्कर पक्षकाराने वाटणीचे कागद समोर ठेवताना विचारले होते, “माझी कागदं दुसरं कोन बघनार न्हाई न्हवं?” असा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून ही रक्कम ठरली असणार, पण झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांनी हा कायदा आपला नाही असे समजू नये. लोकांच्या आधारकार्डाच्या प्रती सर्वाधिक आपल्याच संगणकांवर पडून असतात.

मराठी टायपिंगचा अनुभव संमिश्र आहे. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी तयारच मिळते. आमच्या ताई मराठी टंकलेखनाची परीक्षा रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या मांडणीवर उत्तीर्ण झालेल्या आहेत. ती मांडणी आयबसमध्ये (लिनक्समधील भाषा-टायपिंगच्या सोयीत) वेगळी बसवावी लागते आणि काही अर्ध्या अक्षरांच्या कळा त्यांच्या बोटांना सवय असलेल्या जागी नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे त्यांचा वेग निम्म्यावर आला होता, आता तो सावरला आहे. जुन्या श्रीलिपी आणि शिवाजी फॉन्टमधील मसुदे उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो; ते युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे हाताने तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. गट क्रमांक, नावे आणि हिस्से यांत एक अक्षर सरकले तरी दाव्यात घोळ होतो. मराठी शुद्धलेखन तपासनीस जोडून घेता येतो, पण विभक्तिप्रत्यय लागलेल्या साध्या शब्दांनाही तो लाल रेघ मारतो, त्यामुळे आम्ही तो बंद ठेवला आहे.

आता न जमलेल्या गोष्टी. एका जुन्या लेझर प्रिंटरसाठी नीट चालणारा ड्रायव्हर मिळाला नाही, तो बदलावा लागला. वर्डमध्ये केलेली तक्तेवजा मालमत्तेची यादी लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ओळी पुढच्या पानावर सरकतात, म्हणून वकिलांकडून आलेली फाइल त्यांना परत देताना पीडीएफ सोबत देतो. आमचा हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. वस्तू व सेवा कराच्या काही विवरणपत्रांची ऑफलाइन साधने मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या मॅक्रोवर (फाइलमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचनांवर) बेतलेली आहेत, ती लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये धड चालत नाहीत. म्हणूनच एक संगणक विंडोजवर ठेवावा लागला.

करासाठी एक्सेल लागावे, हे मला फार खटकते. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये केले, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये. न्यायालयांनी तर हे प्रत्यक्षात आणले आहे : ई-कोर्ट्स प्रकल्पातील खटल्यांच्या नोंदीची प्रणाली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि न्यायाधीशांना उबुंटू असलेले लॅपटॉप दिले गेले. केरळने शाळांमधील संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. असे असताना कर भरण्यासारखे कायद्याने सक्तीचे काम नागरिकाने एका कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घेऊन करावे, हे धोरणाशी विसंगत आहे. म्युनिक शहराने लिनक्सवर जाऊन २०१७ मध्ये परतण्याचा निर्णय घेतला, हे उदाहरण विरोधात नेहमी दिले जाते; पण जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे जाहीर केले, तेही सोबत सांगितले पाहिजे. आपल्याकडे निदान अर्जांचे नमुने युनिकोड मराठीत आणि ओडीएफ या खुल्या फाइल-स्वरूपात मिळावेत. ओडीएफ हे २००६ पासूनचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते वाचू शकेल अशी त्याची रचना जाहीर आहे.

ज्यांचे काम मुख्यतः मराठी मसुदे, पीडीएफ आणि ई-फायलिंगचे आहे, त्यांनी हा बदल जरूर करावा. मात्र आधी एकाच संगणकावर सुरुवात करून प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन त्यावर तपासून घ्यावे. ज्यांचा दिवस एक्सेलच्या मॅक्रोत जातो, त्यांना मी तूर्त हा सल्ला देणार नाही. आमच्या उरलेल्या विंडोज १० च्या संगणकाला वाढीव सुरक्षा सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. तोपर्यंत त्यावर हिशेब आणि कराची विवरणपत्रे एवढेच काम ठेवले आहे, पक्षकारांची एकही फाइल त्यावर उघडायची नाही असा नियम केला आहे.