अंधारात चमकणारी शीट: घड्याळ करायला घेतली तेव्हा

ए-फोर आकाराची, मागून चिकट असलेली ही शीट मी घड्याळासाठी घेतली. एका पट्टीवर आठ यूव्ही एलईडी उभे लावले आणि छोट्या मोटरनं ती पट्टी शीटवरून सरकवली. जिथे ठिपका हवा तिथे तो एलईडी क्षणभर पेटतो. पट्टी पुढे जाते, हिरवे ठिपके मागे राहतात.

पहिल्या रात्री 10:42 उमटले आणि मी नि माझी मुलगी अंधारात नुसत्या बघत राहिलो. ठिपक्यांच्या कडा किंचित पसरट होत्या, टीपकागदावर शाई फुटावी तशा. एलईडी शीटला जवळजवळ टेकवल्यावर त्या आवळल्या. तेजाला पैकीच्या पैकी गुण.

पण मिनिटभरानं 3 आला तो थेट 2 च्या डोक्यावर बसला. 2 गेलाच नव्हता! शीटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हे चमकणारं रसायन आहे. 1990 च्या दशकात जपानमध्ये ते तयार झालं, घड्याळांच्या तबकड्यांवरच्या किरणोत्सारी रंगाला पर्याय म्हणून. तासन्‌तास चमकणं हा त्याचा मोठा गुण, आणि दर मिनिटाला आकडा बदलायचा तर नेमका तोच नडतो. सुरुवातीला तेज झपाट्यानं उतरतं खरं, पण उरलेला उजेड सरता सरत नाही आणि अंधाराला सरावलेला डोळा तोही टिपतो. तांबं मिसळलेल्या झिंक सल्फाइड या जुन्या चमकणाऱ्या रसायनाच्या तुकड्यावर तेच आकडे लिहून पाहिले. मंद दिसले, पण लवकर विझले. भराभर बदलणारी अक्षरं हवी असतील तर तेच घ्या.

365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्ही टॉर्चवर खर्च करायची इथे गरज नाही. माझे एलईडी 405 चे आहेत आणि छान चालतात, निळ्या प्रकाशानंही शीट चमकायला लागते. लाल दिवा मात्र कितीही वेळ धरा, काही होत नाही. 365 चा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, म्हणून बाहुली आकसत नाही आणि धोका कळत नाही. त्याच्याशी खेळायचं तर पॉलिकार्बोनेटचा यूव्ही अडवणारा चष्मा हवाच.

तक्रार एकच, पण खरी. शीट कापून ओल्या फडक्यानं पुसली, तर कापलेल्या कडेचा बोटभर भाग कायमचा मेला. हे रसायन पाण्यानं बिघडतं आणि पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर नाही. कापल्यावर कडांना पारदर्शक टेप लावा.

आता घड्याळ दर दहा मिनिटांनी लिहितं, एकदा वरच्या ओळीत, एकदा खालच्या. रात्री जाग आली की मुलगी ठळक असेल ती ओळ वाचते आणि कूस बदलते.