कॅनव्हासवरील अमूर्त चित्राच्या खरेदीत झालेली फसवणूक

मनीषनगरातील आमच्या नव्या घरासाठी आम्ही समाजमाध्यमावरून व्यवसाय करणाऱ्या एका विक्रेत्याकडून 36 बाय 24 इंचांचे अमूर्त डिजिटल चित्र 14,000 रुपयांना घेतले. सुती कॅनव्हास, सहज न विटणारी पिगमेंट शाई, मुरलेल्या पाइन लाकडाची चौकट आणि चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र असलेली, एकूण 50च छापायच्या प्रतींपैकी 7वी ("50 पैकी 7") प्रत, असे त्याने लेखी कबूल केले होते. नागपुरात अशी चित्रे घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

चित्र भिंतीवर लावल्यावर जवळून पाहिले, तेव्हा रंगांच्या कडा फाटल्यासारख्या आणि चौकोनी ठिपक्यांच्या दिसल्या. विक्रेत्याचे उत्तर होते, "अमूर्त चित्र असेच धूसर असते." या धंद्यातील सर्वांत मोठी पळवाट हीच आहे. व्यक्तिचित्रात डोळा अस्पष्ट छापला गेला तर कोणालाही तो दोष चटकन कळतो. अमूर्त चित्रात मात्र ग्राहक दोष छपाईत न शोधता स्वतःच्या समजुतीत शोधू लागतो, आणि विक्रेता नेमका त्याच संकोचावर विसंबून असतो. वास्तविक येथे साधे गणित पुरेसे आहे. या आकाराची छपाई इंचाला 150 पिक्सेलने करायची झाल्यास मूळ फाइल किमान 5400 बाय 3600 पिक्सेलची हवी. मोबाइलवर पाहण्यासाठी ठेवलेले 1080 पिक्सेल रुंदीचे चित्र 36 इंचांवर ताणले, तर इंचाला केवळ 30 पिक्सेल उरतात, आणि आमच्या चित्रात तसेच झाले असावे.

कापडही सुती नव्हते. मागची बाजू पाहिल्यावर सुताची वीण कोठेच दिसली नाही. जाहिरातींच्या फलकांना वापरतात त्या फ्लेक्सवर कॅनव्हाससारखा पोत उमटवलेला होता. पुढे मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, घरात दिवसरात्र कूलर सुरू झाला आणि त्या दमट हवेत कच्च्या लाकडाची चौकट पिळली गेली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येणाऱ्या बाजूचा लाल रंगही तोवर विटला होता.

सर्वाधिक क्लेश मात्र नंतर झाले. चित्राचा फोटो गूगल लेन्सवर शोधला असता ते एका परदेशी चित्रकर्तीच्या संकेतस्थळावर सापडले. तिला पत्र लिहिल्यावर कळले की छपाईची परवानगी तिने कोणालाही दिलेली नाही, आणि आमच्या प्रमाणपत्रावरील सहीही तिची नाही. डिजिटल फाइलच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात, त्यामुळे "50 पैकी 7" या आकड्याला केवळ चित्रकाराच्या शब्दाचा आधार असतो. तो शब्दच नसेल तर त्या आकड्यासाठी मोजलेले पैसे निव्वळ वाया जातात. येथे आमच्याइतकीच तिचीही लूट झाली आहे, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

पैसे देण्यापूर्वी मूळ फाइलचे पिक्सेल, कापड व शाईचा प्रकार आणि चित्रकाराची परवानगी लेखी मागावी, तसेच प्रत्यक्ष आकारातील छपाईचा एक हातभर तुकडा पाहावा. पडद्यावरचे आणि छापील रंग थोडे वेगळे असतात हे खरे. परंतु त्या सबबीने फुटलेल्या कडा झाकता येत नाहीत. पक्के बिल घ्यावे आणि त्यावरील जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासावा. आम्हाला दिलेल्या बिलावरचा क्रमांक तेथे आढळलाच नाही.

विक्रेत्याने फोन उचलणे बंद केल्यावर आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ज्यांना असेच चित्र मिळाले असेल, त्यांनी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद आणि चित्राच्या मागील बाजूचे फोटो आजच काढून ठेवावेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि असे विक्रेते आपली खाती कधीही पुसून टाकू शकतात.