नदी एक, शहरे अनेक: स्वतंत्र योजना की सामाईक आराखडा?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सीडर नदी रेंटन शहरातून वाहत लेक वॉशिंग्टनला मिळते, आणि तिच्यातील सॅमन माशांची पिल्ले पुढे सिएटलमधल्या बॅलर्डच्या जलद्वारांतून समुद्र गाठतात. १९९९ मध्ये पुजेट साउंड या तिथल्या आखातातील चिनूक जातीचा सॅमन केंद्रीय संरक्षणाखाली आला, तेव्हा काठावरच्या शहरांपुढे त्याला वाचवण्याचे दोन मार्ग होते.

पहिला, प्रत्येकाने आपापल्या हद्दीत काम करण्याचा. त्यात निर्णय झटपट होतात आणि करदात्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसते. सिएटलने २००३ मध्ये याच नदीवरच्या लँड्सबर्गच्या बंधाऱ्यावर माशांसाठी वाट करून दिली आणि १९०१ पासून बंद असलेला सुमारे २७ किलोमीटरचा प्रवाह खुला झाला. मात्र बोटभर लांबीचे पिल्लू तळ्यात उतरले की उथळ काठ धरून पोहते, आणि तिथे घरमालकांनी बांधलेल्या उभ्या भिंती लागल्या तर वरच्या शहराचा खर्च बराचसा पाण्यात जातो.

दुसरा मार्ग आंतरस्थानिक कराराचा. या खोऱ्यातील शहरे व काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासन) खर्च वाटून घेतात आणि २००५ च्या सामाईक आराखड्यानुसार निधी आधी कुठे लावायचा ते ठरवतात. बैठका लांबतात, शिवाय बांधकाम परवान्यांचा अधिकार ज्याचा त्याच्याकडेच राहत असल्याने आडमुठ्या सदस्याला वळवणे कठीण जाते. तरीही माझा कौल यालाच, कारण हद्दीच्या रेषा माशाला ठाऊक नसतात.